वाचकांचे प्रश्न : सातपुड्यातील जिल्हा, तेथील पाडे आणि कचेऱ्या

दोन अंकांपूर्वी नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा या डोंगरी तालुक्यांविषयी एक छोटे टिपण छापले होते. त्यात ‘येथे महसुली गाव एका ठिकाणी सापडत नाही’ असे एक वाक्य होते. त्या एका वाक्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. काहींनी ते वाक्य समजावून मागितले, काहींनी जिल्ह्याच्या रचनेविषयी विचारले, तर काहींनी आपल्या कामाच्या अडचणी कळवल्या. म्हणून या महिन्याचे सदर या एकाच जिल्ह्यासाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. सुरत–भुसावळ मार्गावरून प्रवास करताना नंदुरबारच्या आसपास मला सपाट काळी शेतेच दिसली. मग पुस्तकात या जिल्ह्याला डोंगराळ का म्हटले आहे?

उत्तर : आपण पाहिले ते बरोबरच आहे, मात्र तो जिल्ह्याचा एक पट्टा झाला. रेल्वे तापीच्या दक्षिणेकडून जाते आणि डोंगर तापीच्या उत्तरेला आहे. जिल्ह्याच्या नकाशावर दक्षिणेकडून उत्तरेकडे बोट फिरवले, तर आधी नवापूरच्या बाजूचा टेकड्यांचा आणि जंगलाचा भाग लागतो, मग तापीचे गाळाचे सपाट खोरे येते, ज्यात नंदुरबारची मिरची, शहाद्याची केळी, पपई आणि ऊस पिकतो, आणि त्यानंतर शहादा व तळोदा या गावांच्या पाठीमागे सातपुडा भिंतीसारखा उभा राहतो. या भिंतीपलीकडे, थेट नर्मदेच्या पात्रापर्यंत पसरलेल्या डोंगरदऱ्यांत संपूर्ण अक्राणी तालुका आणि अक्कलकुवा तालुक्याचा मोठा भाग आहे. रेल्वेच्या खिडकीतून दिसतो तो फार तर या भिंतीचा निळसर कडा.

या रचनेचे मूळ भूगर्भात आहे. सातपुडा हा नर्मदा आणि तापी यांच्या खचलेल्या खोऱ्यांमध्ये उंच राहिलेला ठोकळा आहे. दोन्ही बाजूंची जमीन भेगांच्या रेषांवर खाली गेली आणि मधला पट्टा उंच राहिला. म्हणूनच भारतीय द्वीपकल्पातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहत असताना या दोन नद्या पश्चिमेकडे वाहतात. खडक मात्र सगळीकडे दख्खनचा काळा बेसाल्टच आहे. नंदुरबार–धुळे परिसरात या बेसाल्टमध्ये घुसून थिजलेल्या शिलारसाच्या अरुंद, लांबच लांब भिंती जागोजागी जमिनीतून वर आलेल्या दिसतात. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. पुढच्या प्रवासात खिडकीतून सपाट शेतात अचानक उठलेली, पूर्व–पश्चिम धावणारी दगडांची रांग दिसली, तर ती बहुधा यांपैकीच एक असेल.

परीक्षेसाठी नव्हे, तर जिल्हा समजण्यासाठी जलविभाजकाची रेषा ध्यानात ठेवावी. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचे पाणी गोमाईसारख्या नद्यांतून तापीला मिळते. उत्तर उतारावरचे पाणी उदई, देवनदी अशा नद्यांतून नर्मदेला जाते. अक्राणी तालुक्याचे ठाणे असलेले धडगाव नर्मदेच्या उतारावर आहे, तर जिल्ह्याचे ठाणे नंदुरबार तापीच्या खोऱ्यात आहे. याचा अर्थ असा की, धडगावचा माणूस जिल्हाधिकारी कार्यालयाकडे निघाला की त्याला एका नदीचे खोरे सोडून, डोंगराचा कणा ओलांडून दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात उतरावे लागते. तळोद्याकडून चांदसैलीचा घाट चढतो, अक्कलकुव्याकडून मोलगीला जाताना देवगोईचा घाट लागतो. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद झाला, तर तालुका आणि जिल्हा यांच्यातील नेहमीची वाटच तुटते आणि लांबचा वळसा घ्यावा लागतो. कागदावरचे किलोमीटर तेवढेच राहतात, रुग्णाच्या आणि बाळंतिणीच्या वाट्याचे तास मात्र वाढतात. या जिल्ह्यातील अंतर नेहमी तासांत विचारावे, असे मला वाटते.

प्रश्न : तोरणमाळ हे जिल्ह्यातील सर्वांत उंच ठिकाण आहे, असे आमच्या वर्गात सांगितले. ते खरे का?

उत्तर : नाही. तोरणमाळ हे अक्राणी तालुक्यातील पठार आहे, त्यावर यशवंत तलाव आहे आणि थंड हवेचे ठिकाण म्हणून ते सर्वांना माहीत आहे. त्याहून उंच आहे ते अस्तंभा शिखर. त्याची उंची १,३२५ मीटर आहे. दिवाळीच्या सुमारास अश्वत्थाम्याच्या दर्शनासाठी तेथे मोठी यात्रा भरते आणि भाविक रात्रभर चढून वर जातात.

प्रश्न : सरकारी यादीत ‘अक्राणी’ तालुका लिहिलेला असतो, बसवर ‘धडगाव’ लिहिलेले असते. हे दोन तालुके आहेत की एकच? आणि जुन्या कागदांत ‘अक्राणी महाल’ असे का लिहिलेले सापडते?

उत्तर : तालुका एकच आहे. अक्राणी हे जुन्या परगण्याचे नाव असून तेच तालुक्याला राहिले, आणि कचेरी धडगावात असल्यामुळे बोलण्यात धडगाव तालुका रूढ झाले. महाल म्हणजे पूर्ण तालुक्याचा दर्जा नसलेला छोटा महसुली विभाग. त्यावर मामलेदाराऐवजी महालकरी नेमलेला असे. वस्ती विरळ, सारा थोडा आणि वाट अवघड अशा डोंगरी मुलखाला इंग्रजी अमलात पुष्कळदा महालाचाच दर्जा मिळाला. अक्राणी हा तसा महाल होता आणि जनगणनेच्या याद्यांतही हे नाव बराच काळ टिकले.

याच संदर्भात मेवासचा, म्हणजे छोट्या स्थानिक सरदारांच्या ताब्यातील डोंगरी मुलखाचा, उल्लेख करावा लागेल. अक्कलकुव्याच्या बाजूला काठी, सिंगपूर, नाला, नवलपूर, गंगठा आणि चिखली अशी छोटी मेवासी संस्थाने होती. संस्थाने गेली, तरी तळोद्याच्या वनविभागाचे नाव आजही ‘मेवासी वनविभाग’ असेच आहे आणि काठीची राजवाडी होळी आजही सातपुड्यातील सर्वांत मोठ्या होळ्यांपैकी एक आहे. कचेरीच्या पाटीवर इतिहास असा टिकून राहतो.

धडगावच्या नगरपंचायतीचे पूर्ण नावही पाहावे : धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक. यातील ‘फळ्या’ हा शब्द भिल्ली मुलखातील आहे. फळी किंवा फळ्या म्हणजे वस्ती, पाडा. म्हणजे तालुक्याच्या मुख्य शहराच्या नावातच पाडा आहे.

प्रश्न : नंदुरबार स्वतंत्र जिल्हा कधी आणि कशासाठी झाला? जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि प्रकल्प अधिकारी यांच्यापैकी नेमके कोणाकडे कशासाठी जायचे, हे सामान्य माणसाला कळत नाही.

उत्तर : इंग्रजी अमलात खानदेश हा एकच प्रचंड जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशाचे ठाणे धुळ्याला होते आणि तोच पुढे धुळे जिल्हा झाला. नर्मदाकाठच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी धुळे गाठावे लागे. जाऊन-येऊन दोन दिवस मोडत, मजुरी बुडे, आणि साहेब दौऱ्यावर गेलेले असले तर पुन्हा जावे लागे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके वेगळे करून नवा जिल्हा करण्यात आला. तो नाशिक महसुली विभागात येतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती. त्यांपैकी सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते आणि ८३ टक्क्यांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहत होते. विधानसभेच्या चारही जागा आणि लोकसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत.

आता कचेऱ्यांविषयी. जमीन, सातबारा, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, रेशन, निवडणूक आणि आपत्ती ही कामे महसुलाची आहेत. त्यांची साखळी तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी), मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकारी अशी चढत जाते. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, गावचा रस्ता आणि पाणी ही कामे जिल्हा परिषदेची आहेत. त्यांची साखळी ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशी आहे. तिसरी साखळी आदिवासी विकास विभागाची असून आश्रमशाळा, वसतिगृहे आणि विभागाच्या लाभाच्या योजना तिच्याकडे असतात. त्यासाठी या जिल्ह्यात नंदुरबार आणि तळोदा अशी दोन एकात्मिक प्रकल्प कार्यालये आहेत. डोंगरी भागाचे काम तळोद्याच्या कार्यालयाकडे चालते. चौथी साखळी वनखात्याची आहे, आणि सातपुड्यात ती इतर तिन्हींइतकीच महत्त्वाची आहे, कारण रस्ता, विजेची तार किंवा पाण्याची जलवाहिनी वनजमिनीवरून न्यायची असेल, तर त्या खात्याच्या परवानगीशिवाय काम पुढे सरकत नाही.

अडचण अशी की, पाड्यावरच्या माणसाची गरज या चार साखळ्यांप्रमाणे वाटलेली नसते. आश्रमशाळेत शिकणाऱ्या मुलीच्या शिष्यवृत्तीचे काम प्रकल्प कार्यालयात, त्यासाठी लागणारा जातीचा दाखला महसुलाकडे, दाखल्यासाठी लागणारी नोंद ग्रामपंचायतीकडे, आणि ज्या जमिनीच्या आधारे रहिवास दाखवायचा ती जमीन वनखात्याची, असा प्रकार नेहमीचा आहे. डोंगरी तालुक्यात आठवडी बाजाराच्या दिवशी तहसील कार्यालयाबाहेर थोडा वेळ उभे राहिले, तर हे डोळ्यांनी दिसते. बाई आमचूर किंवा चारोळीची पिशवी विकून झाल्यावर कमरेला खोचलेली दुसरी पिशवी काढते. ती प्लास्टिकची, घडी घालून घालून पांढुरकी झालेली असते, आणि तिच्यात रेशनकार्ड, आधार, वनपट्ट्याची (वनजमीन कसण्याच्या हक्कपत्राची) प्रत आणि मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला एकत्र गुंडाळलेला असतो. कोणत्या खिडकीवर कोणता कागद मागतील, याचा भरवसा नसल्यामुळे ती सगळेच घेऊन येते. बाजाराच्या दिवशी सर्व खात्यांचे लोक एकाच छपराखाली बसले, तर तिची एक फेरी वाचेल. जिथे जिथे हे नियमाने केले जाते, तिथे त्याचा उपयोग लगेच दिसतो, आणि यासाठी नवा कायदाही लागत नाही.

आधारचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो : देशातील पहिले आधार क्रमांक याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली येथे, २९ सप्टेंबर २०१० रोजी देण्यात आले.

प्रश्न : मी या भागात नव्याने रुजू झालेला ग्रामपंचायत अधिकारी आहे. माझ्याकडील एका महसुली गावात बरेच पाडे आहेत आणि शेवटच्या पाड्यावर पोहोचायला पायी अडीच तास लागतात. ग्रामसभा ग्रामपंचायतीच्या इमारतीत घेतली, तर त्या पाड्याचे कोणीच येत नाही आणि रस्त्याजवळचे पाडेच बोलतात. पाड्याला स्वतःची ग्रामसभा घेता येते का?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. या अंकासाठी आलेल्या प्रश्नांत हाच प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

देशावरच्या गावात गावठाण असते, घरे खेटून असतात आणि शेते बाहेर असतात. चावडी, शाळा, मंदिर आणि पार हाकेच्या अंतरावर असतो. आपली सगळी महसुली आणि पंचायतीची व्यवस्था अशा गावाकडे पाहून आखलेली आहे. सातपुड्यातील भिल आणि पावरा या आदिवासी समाजांची वस्ती तशी नाही. प्रत्येक कुटुंब आपल्या शेतातच घर बांधते. घरापासून घर लांब असते, नात्यातील दहा-वीस घरांचा मिळून एक पाडा होतो आणि पाड्या-पाड्यांच्या मध्ये दरी, नाला किंवा डोंगराची सोंड असते. असे अनेक पाडे एका नावाखाली बांधून महसुलाने त्याला ‘गाव’ म्हटले. म्हणूनच त्या टिपणात आम्ही लिहिले होते की, महसुली गाव एका ठिकाणी सापडत नाही. ‘गावात रस्ता पोहोचला’, ‘गावात वीज आली’ असे अहवालात लिहिले जाते तेव्हा बहुधा ती सोय त्या गावातील एका पाड्यापर्यंतच पोहोचलेली असते. बाकीच्या पाड्यांवरून आजही आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. अहवाल खोटा नसतो, पण त्याचे मोजमाप चुकलेले असते.

कायद्याने ही चूक ओळखली आहे. अनुसूचित क्षेत्रांतील, म्हणजे राज्यघटनेखाली वेगळ्या ठरवलेल्या आदिवासी भागांतील, पंचायतींसाठी १९९६ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात, ज्याला आपण सगळे पेसा म्हणतो, गावाची व्याख्याच वेगळी आहे : वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथे एक समाज आपल्या रूढी-परंपरांनुसार आपले व्यवहार चालवतो, ते गाव. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. त्यांनुसार पाड्यातील मतदारांनी बहुमताने ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. ते पडताळणी करतात, प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पुढे जातो आणि अधिसूचना निघाली की तो पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित होतो. त्यानंतर त्याची ग्रामसभा त्या पाड्यावरच भरते. ग्रामपंचायत पूर्वीचीच राहते, तिचे विभाजन होत नाही. सरपंचांना ही गोष्ट आधी समजावून सांगावी, कारण विरोध बहुतेक वेळा या गैरसमजातून होतो.

या ग्रामसभेचे काम नेहमीच्या ग्रामसभेपेक्षा वेगळे आहे, हेही लक्षात ठेवावे. तिचा अध्यक्ष सरपंच नसतो. सरपंच, उपसरपंच किंवा सदस्य नसलेल्या अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला सभेतील लोक निवडतात. गौण वनोपजाची (तेंदूपाने, मोहाची फुले, डिंक अशा लाकडाखेरीजच्या वनउत्पन्नाची) मालकी, गौण खनिजाच्या खाणपट्ट्याविषयीची शिफारस, लाभार्थ्यांची निवड, भूसंपादनापूर्वीचा विचारविनिमय आणि सावकारीवर लक्ष हे तिचे विषय आहेत. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी २०१५ पासून पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि त्याचा खर्च ग्रामसभेने ठरवायचा असतो. शेवटच्या पाड्याची ग्रामसभा वेगळी भरली, तर त्या पाड्याला हवी असलेली विहीर निदान ठरावात तरी येते. एकत्र सभेत रस्त्याजवळचे पाडेच बोलतात, हे आपण लिहिले आहे, आणि ते अगदी खरे आहे.

सभा कधी घ्यायची, याचाही विचार करावा. दिवाळीनंतर या भागातील मोठी संख्या ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातकडे जाते आणि होळीच्या सुमारास परत येते. जानेवारीतील सभेत म्हातारी माणसे आणि शाळेत राहिलेली मुलेच भेटतील, आणि गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, भरण्यासाठी नंतर सह्या गोळा करण्याचा मोह होईल. तो टाळावा. होळीच्या दिवसांत सगळे पाडे भरलेले असतात. महत्त्वाच्या ठरावाची सभा त्या दिवसांच्या आगेमागे ठेवावी. आणि सभेचे बोलणे पावरी, नोईरी किंवा जी तेथील बोली असेल तीत व्हावे. इतिवृत्त मराठीत लिहावे, मात्र लिहून झाल्यावर ते पुन्हा बोलीत समजावून सांगितल्याशिवाय अंगठा किंवा सही घेऊ नये. यासाठी पाड्यातीलच एखादी शिकलेली मुलगी किंवा अंगणवाडी सेविका आपल्याला सर्वांत जास्त मदत करील.

प्रश्न : तोरणमाळजवळ शेतजमिनीचा तुकडा घेऊन छोटे विश्रामगृह बांधण्याचा विचार आहे. आम्ही आदिवासी नाही. जमीन घेता येईल का?

उत्तर : आपण हा विचार सोडून द्यावा, हे स्पष्टच सांगतो. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर हे चार तालुके पूर्ण, तर शहादा आणि नंदुरबार हे दोन तालुके अंशतः राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात आहेत. महाराष्ट्रासाठी तसा आदेश १९८५ मध्ये निघाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ अ नुसार आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर आदिवासी व्यक्तीला विकायची असेल, तर राज्य शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि हा नियम फक्त अनुसूचित क्षेत्रापुरता नसून राज्यभर आहे. पेसामुळे ग्रामसभेलाही अशा हस्तांतरणाला अटकाव करण्याचा अधिकार आहे. मुदतीचा भाडेपट्टा, किंवा जमीन दुसऱ्याच्या नावावर पण ताबा आपला, अशा वाटा कोणी सुचवल्या, तर त्यांवर विश्वास ठेवू नये.

हे बंधन कशामुळे आले, तेही सांगायला हवे. पीक बुडाले, बियाण्यासाठी किंवा लग्नासाठी उचल घेतली आणि फेडीच्या कागदावर अंगठा उठवला की तो कागद पुढे खरेदीखत निघायचा, अशा प्रकारे तापीकाठच्या सुपीक जमिनी मोठ्या प्रमाणावर हातांतून गेल्या. शहादा–तळोद्यात १९७० च्या दशकात या प्रश्नावर मोठे आंदोलन उभे राहिले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ मालकांना परत देण्यासाठी राज्याने त्याच दशकात स्वतंत्र कायदा केला.

डोंगरावर ज्या जमिनी दिसतात त्यांतील बऱ्याच वनजमिनी आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या आदिवासी कुटुंबाला ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. हा पट्टा पती-पत्नीच्या संयुक्त नावाने असतो आणि वारसांकडे जातो, मात्र तो विकता येत नाही किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. त्यामुळे ‘वनपट्ट्याची जमीन आहे, स्वस्तात देतो’ असे कोणी म्हटले, तर ते देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही अडचणीत आणणारे आहे.

प्रश्न : सरदार सरोवराच्या पाण्यामुळे महाराष्ट्रातील गावे बुडाली, असे ऐकले आहे. धरण गुजरातेत असताना येथील गावे कशी बुडाली, आणि आता त्या काठावर कोण राहते?

उत्तर : धरणाची भिंत गुजरातेत असली, तरी तिच्यामागे साठलेले पाणी नर्मदेच्या दरीतून महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात पसरते. जिल्ह्याची उत्तर सीमा नर्मदाच आहे. धरणाची पूर्ण संचय पातळी, म्हणजे पाणी साठवण्याची कमाल पातळी, १३८.६८ मीटर असून सप्टेंबर २०१९ मध्ये ते प्रथमच या पातळीपर्यंत भरले. महाराष्ट्रात अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतील ३३ गावे बाधित आहेत. नर्मदेच्या पाण्यावरून राज्यांत झालेला वाद सोडवण्यासाठी नेमलेल्या नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यानुसार महाराष्ट्राला धरणातील विजेचा २७ टक्के वाटा ठरला आहे.

बाधितांपैकी अनेक कुटुंबे तळोदा आणि शहादा तालुक्यांतील रोझवा, सोमावल, नर्मदानगर, रेवानगर अशा वसाहतींत सपाटीवर आली. पण सगळी आली नाहीत. पाणी दरीत भरते तेव्हा खालची शेते बुडतात आणि वरचे डोंगर राहतात, त्यामुळे काही कुटुंबे वर सरकून तिथेच राहिली. पूर्वी नदी उतरून किंवा काठाने चालत जाता येणाऱ्या पाड्यांच्या मध्ये आता खोल पाणी आहे, आणि जुन्या पायवाटा पाण्याखाली गेल्यामुळे काही पाड्यांना होडीशिवाय वाटच उरलेली नाही. मतदानाच्या वेळी यंत्रे आणि कर्मचारी बोटीने जातात, आरोग्याची पथके बोटीने जातात आणि शिक्षकही बोटीनेच जातात. अक्कलकुवा हा राज्याचा १ क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ आहे आणि त्यातील १ क्रमांकाचे मतदान केंद्र नर्मदाकाठचे मणिबेली. महाराष्ट्राच्या मतदार यादीची सुरुवात ज्या गावापासून होते, ते गाव बाधित गावांत पहिल्या काही गावांपैकी होते.

येथील प्रशासनाची खरी परीक्षा पावसाळ्यात होते, कारण तेव्हा घाट आणि जलाशय दोन्ही एकाच वेळी अवघड होतात. म्हणून पावसापूर्वी काही महिन्यांचे रेशन आणि औषधे आधीच पोहोचवून ठेवावी लागतात, आणि बाळंतपण जवळ आलेल्या स्त्रियांना दिवस भरण्याआधीच दवाखान्याजवळ आणून ठेवावे लागते. हे काम एका कार्यालयाचे नाही, आशा सेविकेने नोंदवलेल्या तारखेपासून ते बोटीच्या डिझेलपर्यंत सगळे वेळेवर जुळले, तरच ती स्त्री सुखरूप पोहोचते.

प्रश्न : मोठा तालुका तोडून नवा तालुका करायचा असेल, तर तो अधिकार कोणाचा?

उत्तर : राज्य शासनाचा. जमीन महसूल संहितेच्या कलम ४ नुसार जिल्हा, उपविभाग आणि तालुका यांच्या सीमा राजपत्रातील अधिसूचनेने ठरतात व बदलतात. जिल्हा परिषद किंवा ग्रामसभा तशी मागणी करणारा ठराव करू शकते.

प्रश्न : मी भूगोलाची शिक्षिका आहे. विद्यार्थ्यांकडून अक्राणी तालुक्याचा पाडानिहाय नकाशा करून घ्यायचा आहे, पण जनगणनेच्या यादीत पाडे सापडत नाहीत. ते कोठे मिळतील?

उत्तर : जनगणनेची यादी महसुली गावांची असते, त्यामुळे तीत पाडे नसतात. तीन ठिकाणी ते सापडतील. पहिले म्हणजे मतदार यादी. तिच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला त्यात समाविष्ट वस्त्यांची नावे दिलेली असतात. दुसरे म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळांची आणि अंगणवाड्यांची यादी, कारण शाळेच्या नावातच बहुधा पाड्याचे नाव असते. तिसरे म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाची १ : ५०,००० प्रमाणाची नकाशापत्रके. त्यांवर समोच्च रेषा, नाले, पायवाटा आणि बऱ्याच वस्त्यांची नावे असतात. ती पत्रके विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात.

नावे जुळवताना एकच नाव तीन प्रकारे लिहिलेले आढळेल, कारण पावरीतील उच्चार मराठी कारकुनाने एका प्रकारे आणि इंग्रजी नकाशाकाराने दुसऱ्या प्रकारे लिहिला आहे. शक्य असेल तर त्या भागातील एखाद्या आश्रमशाळेतील मुलांना पत्र लिहून, त्यांच्या पाड्यांची नावे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून घ्यावीत. घर ते शाळा, घर ते पाणी आणि घर ते दवाखाना यांतील वेळही त्यांनाच विचारावा, आणि नकाशावर तो किलोमीटरऐवजी मिनिटांत लिहावा. नकाशा पूर्ण झाल्यावर त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवावी. जागा झाली तर पुढील अंकात तो छापू.